नवजात मुलग्यांतील मूत्रजनन-दोष : निदान आणि शल्योपचार

अर्भक जन्मास येताच घरातील मंडळींचा पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, हाच असतो. 'मुलगा' असे उत्तर मिळाले की पेढे वाटण्याची तयारी सुरू होते आणि ज्या अवयवांवरून ते उत्तर दिले गेले, त्यांच्याकडे पुन्हा निरखून पाहण्याची आवश्यकता कोणासच वाटत नाही. वस्तुतः काही अर्भकांच्या ठिकाणी त्याच जागी जन्मजात दोष असतात. त्यांपैकी काही किरकोळ, काही क्लेशदायक, तर काही प्राणघातक असतात. यांतील बहुतेक दोषांवर आज शस्त्रक्रियेने वा औषधाने उपाय होऊ शकतो. मात्र प्रत्येक दोषाची स्वतःची एक वेळ असते. काहींना दिवसांची मुदत असते, काहींना महिन्यांची, आणि काहींच्या बाबतीत घाई करणे हेच अहिताचे ठरते. ही मुदत कोणत्या दोषास किती, हे माता-पित्यांस आणि गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांस ठाऊक व्हावे, या हेतूने प्रस्तुत माहिती देण्यात येत आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला मंडल हे या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगे क्षेत्र आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला हा कापसाचा मुलूख. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा. घरात मराठी, शेजारच्या पाड्यावर गोंडी आणि कचेरीत तेलुगू अशी येथील भाषिक स्थिती आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात आला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर पूर्वीप्रमाणेच होत राहिल्या. मुलाच्या गुप्तांगासंबंधीची तक्रार आपल्या भाषेतदेखील उघडपणे सांगणे ज्या समाजात जड जाते, तेथे ती परक्या भाषेत डॉक्टरांपुढे मांडणे किती अवघड असेल, याची कल्पना सहज करता येईल. परिणामी अनेक तक्रारी घरातच राहतात आणि मुलाचे लग्न ठरण्याच्या सुमारास प्रथमच बाहेर येतात.

गर्भावस्थेतील घडण

दोष कसा उद्भवतो हे समजण्यासाठी गर्भातील घडण थोडक्यात पाहिली पाहिजे. गर्भधारणेनंतर पहिले सहा-सात आठवडे मुलगा व मुलगी यांच्या जननेंद्रियांत काहीही भेद नसतो. दोहोंच्या ठिकाणी पुरुषाच्या व स्त्रीच्या अंतर्गत नलिकांच्या जोड्या शेजारी शेजारी असतात. पुढे वाय गुणसूत्रावरील एका जनुकाच्या आज्ञेने वृषणे तयार होऊ लागतात. ही वृषणे दोन वेगवेगळी संप्रेरके निर्माण करतात. एक संप्रेरक गर्भाशय व गर्भनलिका ज्यांपासून झाल्या असत्या, त्या नलिका विरवून टाकते. दुसरे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषाच्या अंतर्गत नलिका टिकवून धरते. याच टेस्टोस्टेरॉनचे एका विकराच्या साहाय्याने अधिक प्रभावी रूपात परिवर्तन होते व त्यामुळे बाह्य अवयव पुरुषाचे घडतात. शिश्नाच्या खालच्या बाजूस असलेली पन्हळ मागून पुढे मिटत जाते आणि मूत्रमार्गाची नळी पुरी होते. शेवटी, गर्भावस्थेच्या सातव्या महिन्यापासून पुढे, उदरात असलेली वृषणे जांघेच्या वाटेने अंडकोशात उतरतात.

इतक्या पायऱ्यांपैकी एखादी पायरी अर्धवट राहिली की त्या पायरीचा दोष राहतो. पन्हळ मिटली नाही तर लघवीचे छिद्र टोकाऐवजी खाली राहते. वृषणांचा प्रवास थांबला तर अंडकोश रिकामा राहतो. पहिले संप्रेरक निकामी ठरले तर पुरुषाच्या उदरात गर्भाशय राहून जाते. ग्रहणात मातेने भाजी चिरली, अथवा कोणाचा दृष्टिपात झाला, यांचा या घडणीशी कसलाही संबंध नाही. मातेस बोल लावण्याचे तर मुळीच कारण नाही.

दोन गोष्टींचा मात्र या भागाच्या संदर्भात उल्लेख करणे अगत्याचे आहे. पहिली, जवळच्या नात्यातील विवाह. मामाची मुलगी करण्याची आणि काही समाजांत मामा-भाचीच्या विवाहाची चाल सीमेच्या दोन्ही बाजूंस आढळते. ज्या विकारांत दोन्ही पालकांकडून सदोष जनुक यावे लागते, ते विकार अशा विवाहांतून जन्मणाऱ्या अपत्यांत अधिक प्रमाणात दिसतात. पुढे वर्णिलेल्या दुर्मिळ दोषांपैकी कित्येक या वर्गात मोडतात. दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. कपाशीवरील फवारणीने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात झालेली विषबाधा वाचकांच्या स्मरणात असेल. माता-पित्यांचा कीटकनाशकांशी येणारा संपर्क आणि मूत्रमार्गाचे छिद्र खाली राहण्याचा दोष यांचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. तो कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तथापि गरोदर स्त्रीने फवारणीच्या कामापासून दूर राहणे सर्वथा इष्ट होय.

दिवसांची मुदत असलेले दोष

सर्वांत प्रथम उल्लेख करावयाचा तो मूत्रमार्गातील पडद्यांचा. सुमारे पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाच्या मूत्रमार्गाच्या आतील भागात, मूत्राशयाच्या लगत, पातळ पडदे असतात. लघवीस अडथळा होतो, मूत्राशय ताणून जाड होते, दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि मूल जन्मण्यापूर्वीच मूत्रपिंडांना इजा होऊ लागते. बाहेरून पाहता मुलाच्या अवयवांत काही वेगळे दिसत नाही, हीच यातील मेख आहे. लक्षण एकच असते : लघवीची धार. निरोगी मुलग्याची धार दूरवर उडते. न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या पदरावर ती उडाली तर घरात हशा होतो. ज्याची लघवी थेंबथेंब ठिबकते, जो लघवी करताना कुंथतो, ज्याचे ओटीपोट लघवीनंतरही फुगलेले लागते, त्या बाळास त्याच दिवशी डॉक्टरांस दाखविले पाहिजे.

गर्भवतीच्या सोनोग्राफीत गर्भाची मूत्रपिंडे व मूत्राशय फुगलेली दिसल्यास या दोषाची शंका जन्मापूर्वीच येते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गर्भलिंगनिदानास कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने असा कायदा प्रथम १९८८ साली केला व १९९४ साली तो देशभरासाठी झाला. परंतु गर्भातील जन्मजात व्यंग शोधण्यास त्या कायद्याने मज्जाव केलेला नाही. लिंग न सांगताही मूत्रपिंडावरील सूज डॉक्टर सांगू शकतात आणि प्रसूती कोठे करावी याचा सल्ला देऊ शकतात. जन्मानंतर प्रथम बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे केले जाते, रक्तातील क्षारांचे प्रमाण सुधारले जाते आणि नळीवाटे रंगद्रव घालून क्ष-किरण चित्रे घेतली जातात. निदान पक्के झाल्यावर दुर्बिणीतून पडदे छेदले जातात. शस्त्रक्रिया स्वतः अल्पावधीची आहे, पण मूत्रपिंडांची देखरेख अनेक वर्षे करावी लागते. कारण अडथळा दूर झाला, तरी झालेली इजा नेहमीच भरून येत नाही व काही मुलांची मूत्रपिंडे पुढील वयात निकामी होतात. 'आता धार चांगली येते' म्हणून तपासण्या बंद करणारे पालक या कारणाने मोठी जोखीम पत्करतात.

दुसरा विकार शस्त्रक्रियेचा नसून औषधाचा आहे, परंतु त्याचे निदान अंडकोश चाचपण्यातूनच होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत एका विकराची जन्मजात उणीव असली, तर शरीरास आवश्यक अशी दोन संप्रेरके तयार होत नाहीत आणि पुरुषी संप्रेरके मात्र अतिरिक्त प्रमाणात तयार होतात. अशा वेळी गर्भ मुलीचा असला, तर तिचे बाह्य अवयव मुलग्यासारखे घडतात. क्वचित हे साम्य इतके पूर्ण असते की सर्वजण तिला मुलगाच समजतात. फक्त अंडकोशात काही हाती लागत नाही. या विकाराच्या तीव्र प्रकारात पहिल्या एक ते तीन आठवड्यांत शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते. बाळ दूध ओढेनासे होते, उलट्या करते, सुस्त पडते आणि उपचार न झाल्यास दगावते. आपल्याकडील व्यवहारात सांगावयाचे, तर पाचवीचे पूजन पार पडलेले असते, बारशाची तयारी चाललेली असते आणि त्याच सुमारास बाळ अकस्मात कोमेजते. 'जुलाब-उलट्यांनी गेले' किंवा 'दृष्ट लागली' एवढीच त्याची नोंद घरात राहते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ ते २०१२ या काळात मुंबई व हैदराबाद यांसह पाच महानगरांत एक लाखाहून अधिक नवजातांची रक्ततपासणी केली. तीत सुमारे ५,७६२ अर्भकांमागे एकास हा विकार आढळला. हे प्रमाण जगाच्या सर्वसाधारण प्रमाणाहून बरेच अधिक आहे. उपचार गोळ्यांचा आहे. संप्रेरकाच्या गोळ्या व आरंभी थोडे मीठ दिले की बाळ वाचते, परंतु गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. यास्तव दोन्ही बाजूंची वृषणे हाती न लागणारा 'मुलगा' प्रसूतिगृहातून तपासणीविना घरी जाऊ देता कामा नये, हा नियम परिचारिका व आशा कार्यकर्ती यांनी कटाक्षाने पाळावा.

तिसरा दोष डोळ्यांस तत्काळ दिसणारा व पाहणाऱ्यास घाबरविणारा आहे. बेंबीखालील पोटाची भिंत मिटलेली नसते आणि मूत्राशय फुललेल्या लाल मांसासारखे बाहेर उघडे असते. शिश्न आखूड व वरच्या बाजूने चिरलेले असते. हजारो जन्मांत एखाद्यास हा दोष आढळतो व मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. असे मूल जन्मल्यास त्या उघड्या भागावर कापूस, कोरडी पट्टी, हळद वा तेल लावू नये. स्वच्छ पातळ प्लॅस्टिकच्या आवरणाने तो झाकावा, नाळ चिमट्याऐवजी दोऱ्याने बांधावी आणि बाळास उबेत ठेवून मोठ्या रुग्णालयात न्यावे. मूल दूध पिते, वाढते, त्याची बुद्धी शाबूत असते. ते जगणार नाही असे समजून त्याची हेळसांड करणे चूक आहे. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने व अनुभवी शल्यविशारदांच्या हातूनच व्हावी लागते. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात २००९ पासून परदेशी व भारतीय शल्यविशारद एकत्र येऊन अशा शस्त्रक्रिया करीत आले आहेत.

महिन्यांची मुदत असलेले दोष

मूत्रमार्गाचे छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूस असणे, या दोषास वैद्यकात हायपोस्पेडियास म्हणतात. तो दुर्मिळ नाही. साधारणतः अडीचशे ते तीनशे मुलग्यांमागे एकास तो आढळतो. दहापैकी सात जणांच्या बाबतीत छिद्र टोकाच्या जवळच असते. उरलेल्यांत ते मध्यावर, मुळाशी, अंडकोशावर किंवा त्याहूनही मागे असू शकते, आणि हे तीव्र प्रकार मात्र दुर्मिळ आहेत. सोबत शिश्नास खाली बाक असतो व अग्रत्वचा केवळ वरच्या अंगास, टोपीच्या झापेसारखी असते. अशी अर्धवट अग्रत्वचा पाहून काही घरांत 'देवानेच सुंता करून पाठविला' असे कौतुक होते. हे कौतुकाचे लक्षण नव्हे.

उपचार न झाल्यास मुलास उभे राहून सरळ लघवी करता येत नाही. शाळेच्या मुतारीत ही बाब इतर मुलांच्या ध्यानात येते आणि तेथून पुढे त्या मुलाची जी कुचंबणा सुरू होते, तिचे मोजमाप कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत नसते. तीव्र बाकामुळे पुढे वैवाहिक संबंधांत व अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते.

शस्त्रक्रियेचे योग्य वय सर्वसाधारणपणे सहा ते अठरा महिने मानले जाते. या वयात जखम चांगली भरते, आणि मुलास पुढे तिची आठवणही राहत नाही. पूर्ण भूल देऊन प्रथम बाक सरळ केला जातो, मग नवी नळी घडविली जाते आणि शेवटी त्वचेचे आच्छादन केले जाते. नवी नळी कशाची करावयाची, हाच या शस्त्रक्रियेचा मुख्य प्रश्न असून गेल्या दीड शतकात त्याची अनेक उत्तरे शोधली गेली. त्यांत एक महत्त्वाचे उत्तर भारतीय आहे. आग्रा येथील शल्यविशारद डॉ. हरिशंकर असोपा यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७१ साली अग्रत्वचेच्या आतील पदराची नळी करून एकाच वेळी दुरुस्ती करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जगभरच्या शल्यशास्त्राच्या ग्रंथांत ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. टोकाजवळच्या दोषांसाठी आज सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत अमेरिकेतील डॉ. वॉरन स्नॉडग्रास यांनी १९९४ साली मांडली. तीत मूळच्या उघड्या पन्हळीस मध्यभागी उभा छेद देऊन ती रुंद केली जाते व तिचीच नळी केली जाते. अतितीव्र दोषांत मात्र दोन टप्पे करावे लागतात : प्रथम अग्रत्वचेचा किंवा गालाच्या आतील अस्तराचा तुकडा बसवून पन्हळ तयार करावयाची आणि सुमारे सहा महिन्यांनी तिची नळी मिटवावयाची.

अग्रत्वचा या कामी किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानात यावे. म्हणूनच ज्या कुटुंबांत सुंतेची चाल आहे, त्यांनी मुलाचे छिद्र योग्य जागी आहे याची खात्री करून घेतल्याविना सुंता करू नये. दोष आढळल्यास सुंता पुढे ढकलावी. दुरुस्तीच्या वेळी ती आपोआपच होऊन जाते.

शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दहा दिवस लघवीची बारीक नळी राहते. ती ओढली जाऊ नये म्हणून दुहेरी लंगोट बांधतात. टोकाजवळच्या दोषांत यश चांगले येते. मुळाशी असलेल्या दोषांत मात्र नव्या नळीस भोक पडणे, तोंड अरुंद होणे, बाक पुन्हा येणे या गोष्टी घडतात व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. असे भोक पडल्यास ते बुजविण्यापूर्वी किमान सहा महिने थांबतात. हे पालकांना आधीच सांगितले पाहिजे. न सांगितल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचे नाव निघताच 'डॉक्टरांनी बिघडविले' अशी समजूत होते आणि मूल अर्ध्या उपचारावर घरी बसते.

न उतरलेल्या वृषणांचा दोष याहूनही अधिक आढळतो. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर मुलग्यांत सुमारे तिघांचे एक वा दोन्ही वृषण जन्मतः अंडकोशात नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जाते. त्यांतील बरीच पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात, आणि वर्षाअखेर शंभरात सुमारे एकाचा दोष उरतो. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरण्याची आशा फारशी राहत नाही. म्हणून सहाव्या महिन्यात तज्ज्ञास दाखवावे व शक्यतो एक वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षापर्यंत शस्त्रक्रिया उरकावी. 'वयात आला की उतरेल' हा सल्ला आजही वडीलधाऱ्यांकडून दिला जातो. तो हानिकारक आहे. अंडकोशातील तापमान शरीराहून थोडे कमी असते व वृषणास त्याची गरज असते. उदरातील उष्णतेत त्यातील बीजपेशी वर्षभरातच क्षीण होऊ लागतात. अशा वृषणात पुढे कर्करोग होण्याचा धोकाही इतरांपेक्षा अधिक असतो.

येथे घरातील अनुभवी स्त्रियांची मदत होऊ शकते. काही मुलांची वृषणे थंडीने अथवा स्पर्शाने वर सरकतात व ऊब मिळाली की खाली येतात. तो दोष नव्हे; वेळोवेळी तपासून घेतले की पुरते. बाळास कोमट पाण्याने न्हाऊ घालताना अंडकोशात दोन्ही गोळ्या दिसतात की नाही, एवढे न्हाऊ घालणाऱ्या बाईने पाहून ठेवले, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. जांघेत हाती लागणारे वृषण लहानशा छेदातून खाली आणून अंडकोशात टाक्यांनी स्थिर केले जाते. मुळीच हाती न लागणारे वृषण पोटात आहे की नाही, हे दुर्बीण घालूनच खात्रीने कळते. सोनोग्राफी त्यासाठी फारशी भरवशाची नाही, आणि तिच्या भरवशावर काळ घालविणे योग्य नव्हे.

दोन दोष एकत्र असल्यास

छिद्र खाली असणे आणि वृषण हाती न लागणे, हे दोन्ही एकाच बाळाच्या ठिकाणी आढळल्यास प्रश्न वेगळा होतो. अशा बाळाचे लिंग केवळ पाहून ठरवू नये. गुणसूत्रांची तपासणी, संप्रेरकांची रक्ततपासणी व उदराची सोनोग्राफी झाल्यावरच बालरोगतज्ज्ञ, अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ व बालशल्यविशारद यांनी मिळून मत द्यावे. तोपर्यंत नातेवाइकांना 'बाळ सुखरूप आहे, तपासण्या चालू आहेत' असे सांगणे पुरेसे आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावयास हवी, परंतु बाळाचे नाव नोंदवहीत मागाहूनही घालता येते. त्यामुळे बारशाच्या मुहूर्तासाठी निर्णयाची घाई करण्याचे कारण नाही.

घाईने घेतलेला निर्णय किती दूरवर जातो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. बीड जिल्ह्यातील एक पोलीस शिपाई जन्मापासून मुलगी म्हणून वाढले व महिला शिपाई म्हणून सेवेत दाखल झाले. पुढे वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र असल्याचे निष्पन्न झाले. रजेचा व सेवेचा प्रश्न २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर शासनाने अनुमती दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले. तीस वर्षांच्या सुमारास, न्यायालय आणि वृत्तपत्रे यांच्यासमोर स्वतःच्या शरीराचा उलगडा करण्याची वेळ एखाद्यावर येणे, ही गोष्ट साधी नव्हे.

क्वचित काहींत टेस्टोस्टेरॉनचे प्रभावी रूपात परिवर्तन करणारा विकर नसतो. त्यांचे बाह्य अवयव जन्मतः मुलीसारखे दिसतात आणि वयात येताना आवाज फुटतो, अंगकाठी पुरुषी होते. पाळी न आलेल्या मुलीचा आवाज बदलू लागल्यास देवऋषाकडे न जाता जिल्हा रुग्णालय गाठावे.

याच्या उलट, बाहेरून सर्वस्वी पुरुष असलेल्याच्या उदरात गर्भाशय असू शकते. गर्भाशयाच्या नलिका विरविणारे संप्रेरक निर्माण न झाल्याने, अथवा त्याचा परिणाम न झाल्याने हे घडते. जागतिक वैद्यकीय साहित्यात अशी काही शेकडे उदाहरणेच नोंदली गेली आहेत. अपत्य होत नाही म्हणून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आलेल्या एका विवाहित तरुणाच्या ठिकाणी गर्भाशय आढळल्याचे वृत्त २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याची वृषणे जन्मापासून उतरलेली नव्हती. बालपणी अंडकोश तपासला गेला असता, तर हे पुष्कळ आधी उघड झाले असते. इतरांच्या बाबतीत जांघेच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हे प्रथम ध्यानात येते. असा मनुष्य पुरुषच असतो. त्याच्या पुरुषत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

लिंगनिश्चितीसंबंधीच्या शस्त्रक्रियेविषयी कायद्याचा विचारही आता बदलला आहे. आंतरलिंगी अर्भकांवर केवळ अवयव 'नीट दिसावेत' यासाठी शस्त्रक्रिया करू नये, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला व तामिळनाडू शासनाने त्याच वर्षी तसा आदेश काढला. लघवीचा अडथळा दूर करणे, उघडे मूत्राशय मिटविणे ही कामे थांबविता येत नाहीत. परंतु ज्या दोषाने प्रकृतीस अपाय होत नाही व ज्याच्या शस्त्रक्रियेनंतर परत फिरण्याची वाट उरत नाही, तो निर्णय त्या व्यक्तीस समज येईपर्यंत राखून ठेवणे प्रस्तुत लेखकास अधिक न्याय्य वाटते.

उपचार कोठे व कसे मिळतील

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि दोष आढळल्यास पुढे पाठवितात. पथक आले असता मुलाची चड्डी उतरवून तपासू देण्यास संकोच करू नये. तपासणी आडोशाला, आई अथवा वडिलांच्या समक्ष करून घेण्याचा आग्रह मात्र अवश्य धरावा.

बेला मंडलातील रुग्णास प्रथम मंडलाच्या आरोग्य केंद्रात, तेथून आदिलाबादच्या राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात व आवश्यकता पडल्यास हैदराबादच्या नीलोफर रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थेत पाठविले जाते. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेची प्रतिकुटुंब मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये दहा लाख रुपये करण्यात आली. हैदराबाद आदिलाबादहून सुमारे ३०० किलोमीटर, तर नागपूर सुमारे २०० किलोमीटर आहे. शिवाय नागपुरास भाषा आपली. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांचा ओढा तिकडे असतो. परंतु महाराष्ट्राची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. नदीपलीकडच्या सोयऱ्याच्या शिधापत्रिकेवर मुलास दाखल करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. नावातील तफावतीमुळे शस्त्रक्रिया ऐन वेळी अडते व पुढच्या कागदपत्रांतही घोटाळा राहतो. आयुष्मान भारत योजना तेलंगणाने २०२१ साली स्वीकारली असून तिच्या पात्र लाभार्थ्यास अन्य राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही उपचार घेता येतो. आपले नाव त्या यादीत आहे काय, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

प्रवासास निघताना जन्माचा दाखला, प्रसूतीच्या वेळचे कागद, गरोदरपणीच्या सोनोग्राफीचे अहवाल आणि पूर्वी एखादी शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा तपशील सोबत घ्यावा. तेलुगू वा हिंदी न येणाऱ्या मातेसोबत ती भाषा जाणणारा विश्वासू माणूस असावा. तो मामा वा काका असल्यास उत्तम, गावातील चारचौघांत बोलणारा नसावा. डॉक्टरांनी सांगितलेली पुढील तपासणीची तारीख मराठीत लिहून घ्यावी.

मुदत टळून गेलेल्यांनीही निराश होऊ नये. मूत्रमार्गाची दुरुस्ती तरुणपणी व प्रौढपणीही करता येते. जखम भरण्यास अधिक काळ लागतो आणि गुंतागुंतीचे प्रमाण वाढते, इतकेच. वीस-पंचवीस वर्षांच्या पुरुषाचे न उतरलेले वृषण आढळल्यास ते खाली आणावयाचे की काढून टाकावयाचे, हे त्याची स्थिती व दुसऱ्या वृषणाचे कार्य पाहून ठरविले जाते. अशा व्यक्तीने जिल्हा रुग्णालयातील शल्यविभागात जाऊन नाव नोंदवावे, तक्रार चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती दिली तरी चालते.